“आपण तक्रार केली तर आत त्याला त्रास देतील ना?”

ज्यांचं माणूस तुरुंगात आहे, अशा घरांतून हा प्रश्न हमखास येतो. सुमनमावशींनीही (नाव बदललं आहे) तोच विचारला, पण तिसऱ्या भेटीत.

माझ्याकडे आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. एकोणीस वर्षांचा मुलगा मोबाइल चोरीच्या गुन्ह्यात आत, कच्चा कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेला. खटला अजून उभाही राहिलेला नव्हता. पोरगा बराकीत फरशीवर झोपतो म्हणून मावशी घरात पलंग असून जमिनीवर, अंगाखाली सतरंजीसुद्धा नाही. रात्रीचं जेवण बंद. नवऱ्याने घरात त्याचं नाव काढायचं नाही असं बजावलेलं, आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवलेलं की तो सुरतेला कामाला गेलाय.

मुलाला लहानपणापासून दमा. मुलाकातीत काचेपलीकडून इंटरकॉमवर तो म्हणाला, पंप संपलाय, आणि रात्री कूस बदलायलाही जागा नसते. मावशी वेळ संपेपर्यंत नुसत्या रडल्या आणि परत आल्या. पोरगा वाढवून सांगत असेल, असं मला वाटलं नाही. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत १०० जणांच्या जागेत १३१ जण होते आणि दर चार कैद्यांमागे तिघे कच्चे.

“काही होणार नाही, घाबरू नका,” असं मी म्हटलं नाही. राग काढल्याच्या गोष्टी माझ्याही कानावर आल्या आहेत. पण घरचे गप्प बसले म्हणून पोर सुखरूप राहिलं, असंही मी पाहिलेलं नाही. ज्याची बाहेरून चौकशी होते, ज्याच्या नावाने कोर्टात कागद लागलेला असतो, त्याला हात लावताना चार वेळा विचार होतो. मात्र गेटवरच्या शिपायाशी हुज्जत घालून काही निघत नाही. न्यायालयीन कोठडीतला माणूस कोर्टाच्या हुकमाने आत असतो, म्हणून औषध, उपचार, मारहाण, कशाचीही दाद वकिलामार्फत लेखी अर्ज देऊन त्याच कोर्टात मागायची. कोर्ट तुरुंग अधीक्षकांकडून अहवाल मागवू शकतं.

वकिलाला पैसे कुठले? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. “फुकटचा वकील काय करणार?” मावशींचा संशय अगदीच अनाठायी नव्हता, पण त्यांना मिळालेली वकीलबाई चिवट निघाली.

पुढच्या मुलाकातीची आम्ही तयारी केली. मावशींना लिहिता येत नाही, म्हणून चार बोटांवर चार प्रश्न बसवले. करंगळी: औषध मिळतं का. मग डॉक्टरांनी तपासलं का, अंगावर कुठे लागलंय का, पुढची तारीख कधी. आधी बोटं, मग रडणं, असं ठरलं.

अर्जानंतर पंप मिळाला. एका शिपायाने टोमणे मारले, त्यापलीकडे काही झालं नाही, असं मुलाने सांगितलं.

खरी गंमत पुढेच. कागद चाळताना वकीलबाईंना दिसलं की जामीन महिन्याभरापूर्वीच मंजूर झालाय, फक्त जामीनदार नाही म्हणून पोरगा आत! घरी कुणाला पत्ताच नव्हता. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय की जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. इथे कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

जामीनदार शोधायचा तर सुरतेची गोष्ट मोडावी लागणार होती. मावशींचं पाऊल खरं तिथे अडलं होतं, आणि आमच्या दोन बैठका निव्वळ त्यावर गेल्या. तेवढ्यात वकीलबाईंच्या अर्जावर कोर्टाने जामीनदाराऐवजी कमी रकमेची रोख भरायला परवानगी दिली. पैसे भिशीतून उचलायचे, म्हणजे भिशीच्या बायकांना खरं सांगणं आलंच. त्यातल्या दोघी-तिघींना आधीपासून माहीत होतं.

मुलगा आता घरी आहे, तारखांना हजर राहतो. मावशी पलंगावर झोपतात. बाप अजून त्याच्याशी बोलत नाही. त्यांना एकदा घेऊन या म्हणून मी निरोप दिलाय, अजून आलेले नाहीत.