बेलँजरला काढू नका

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही एडिसनमधले आठ मित्र दर रविवारी स्ट्रॅट-ओ-मॅटिकची, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कार्डं आणि फासे घेऊन खेळायच्या बेसबॉलची, लीग खेळतो. यंदा १९७९चा सीझन घेतलाय आणि माझ्या वाट्याला बाल्टिमोर ओरिओल्स आलेत. पहिल्या नंबरासाठी जोरदार चुरस आहे. माझा सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, "बाबा, शॉर्टस्टॉप मार्क बेलँजरची बॅटिंगची सरासरी .१६७ आहे, म्हणजे सहा पाळ्यांत जेमतेम एक हिट, त्याला काढा. आणि लेफ्ट फील्डला, मैदानाच्या डाव्या टोकाला, रेनिकी आणि लोवेनस्टीन असे दोघं कशाला? एक ठरवा आणि रोज खेळवा." आमच्या लीगचा नियम असा की, खऱ्या सीझनमध्ये बॅटिंगच्या जितक्या पाळ्या मिळाल्या त्याहून जास्त द्यायच्या नाहीत. मी काय करावं?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि कपाटातून आमची जुनी वही काढली. १९७९च्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन बाल्टिमोरला आले, तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं. आमचे हे रात्री जेवणं झाली की ओट्यापाशी टेबलावर कार्डं मांडून फासे टाकायचे आणि मी वहीत स्कोअर लिहायचे. खेळ मी असा फाशांतून शिकले, ३३व्या रस्त्यावरच्या मेमोरियल स्टेडियममध्ये पाऊल नंतर पडलं. म्हणून बेलँजरला कोणी नुसता .१६७ म्हटलं की मला राहवत नाही.

मुलाला समोर बसवा आणि फाशांचा हिशेब दाखवा. पहिला फासा १, २, ३ पडला तर बॅटरचं कार्ड बघायचं, ४, ५, ६ पडला तर पिचरचं. म्हणजे निम्म्या वेळा निकाल तुमच्या पिचरच्या कार्डावर लागतो. त्या कार्डावर तीन रकाने, प्रत्येकात उरलेल्या दोन फाशांच्या ३६ शक्यता, एकूण १०८. त्यातल्या ३० शक्यता थेट क्षेत्ररक्षकावर सोपवलेल्या असतात : ७ शॉर्टस्टॉपवर (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), ६ सेकंड बेसवर, आणि लेफ्ट फील्डवर फक्त २. दोन्ही कार्डं धरली तर दर २१६ शक्यतांमध्ये ७ वेळा सगळा प्रश्न एकट्या शॉर्टस्टॉपचा. समोरच्या संघाचे सामन्यात साधारण ३८ बॅटर येतात असं धरा. सामन्याला एकाहून थोडे जास्त, १६२ सामन्यांत जवळजवळ २०० चेंडू. कार्डावर क्षेत्ररक्षणाचा आकडा असतो, १ सगळ्यात चांगला. तिथे १चा माणूस उभा असेल तर बहुतेक चेंडूंवर बॅटर बाद होतो. ४चा असेल तर त्यातले पुष्कळ सिंगल (एका बेसचे हिट) होऊन निघून जातात. सरासरीच्या रकान्यात हे कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे ते मुलाला दिसलं नाही, त्यात त्याची चूक नाही. खऱ्या बेलँजरला १९७८पर्यंत उत्तम क्षेत्ररक्षणाचे आठ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाले होते, ते ह्याच कामाचे.

पण तुमचा मुलगा अर्धा बरोबर आहे. बेलँजरला पहिल्या इनिंगपासून रोज खेळवू नका, नाहीतर पाळ्याही संपतील आणि धावाही आटतील. १९७९ मध्ये ती जागा किको गार्सिया आणि बेलँजर यांनी वाटून घेतली होती. तुम्हीही सुरुवात गार्सियाने करा. सहावी इनिंग संपल्यावर एक-दोन धावांनी पुढे असाल तर बेलँजरला मैदानावर पाठवा. त्याची बॅट आलीच तर पिंच हिटर, म्हणजे बदली बॅटर, तयार ठेवा.

आता लेफ्ट फील्ड. हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. त्या वर्षी गॅरी रेनिकीने ३७६ पाळ्यांत २५ होमरन मारले, जॉन लोवेनस्टीनने १९७ पाळ्यांत ११. एकेकटे बघितले तर कोणाच्या डोळ्यांत भरणार नाहीत. बेरीज करा : ५७३ पाळ्या, म्हणजे एका पूर्णवेळ खेळाडूइतक्या, आणि ३६ होमरन. त्याच संघातला केन सिंगलटन, ज्याचं नाव सगळे घेतात, त्याचे ३५. ओरिओल्सचे मॅनेजर अर्ल वीव्हर कोणता बॅटर कोणत्या पिचरपुढे कसा खेळलाय त्याचे आकडे छोट्या कार्डांवर बाळगायचे. डावखुऱ्या पिचरसमोर उजवा रेनिकी, उजव्यासमोर डावखुरा लोवेनस्टीन. तुम्ही ॲडव्हान्स्ड नियमांनी खेळत असाल तर कार्डावर डावखुऱ्या आणि उजव्या पिचरसाठी वेगळे रकाने ह्याचसाठी आहेत. मुलाचं ऐकून रेनिकीलाच रोज उतरवलंत, तर पाळ्यांच्या नियमाने तो सीझनच्या दोन-तृतीयांशातच संपेल आणि शेवटच्या चुरशीच्या महिन्यात तुमचं लेफ्ट फील्ड उघडं पडेल.

ह्या माणसांचं मोल मला पहिल्यांदा कळलं ते ३ ऑक्टोबर १९७९ला, रेडिओवर. समोर कॅलिफोर्निया एंजल्स. सुरुवातीला आमचा जिम पामर आणि त्यांचा नोलन रायन, दोघेही दिग्गज. सामना ३-३ असा दहाव्या इनिंगमध्ये गेला आणि वीव्हरने बेंचवरून लोवेनस्टीनला उठवलं. तीन धावांचा होमरन, सामना खलास. आमचे हे इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या.

दहा दिवसांनी पिट्सबर्गमध्ये, वर्ल्ड सीरिजचा चौथा सामना. आठव्या इनिंगमध्ये सहा धावा. त्यातल्या दोन लोवेनस्टीनच्या पिंच-हिट डबलवर (दोन बेसचा हिट), दोन टेरी क्राउलीच्या पिंच-हिट डबलवर, आणि पिचर टिम स्टॉडर्डने मेजर लीगमधल्या पहिल्याच बॅटिंगला आणखी एक धाव आणली. ओरिओल्स ९-६ने जिंकले. पुढचे तिन्ही सामने हरून सीरिज गेली, ते आजही टोचतं. तुमच्या संघात क्राउली असेल तर त्याला कोणाबरोबर बदलू नका, भले समोरचा कितीही गोड बोलो.

प्रश्न : मी पुण्यात एकटाच कॉम्प्युटरवर 'आउट ऑफ द पार्क' हा बेसबॉलचा संघ चालवायचा गेम खेळतो. सामने कॉम्प्युटरच पळवतो, मग राखीव खेळाडूंकडे बघून उपयोग आहे का?

उत्तर : खूप आहे. त्यात डावखुऱ्या आणि उजव्या पिचरसाठी वेगवेगळे डेप्थ चार्ट (कुठल्या जागी कोण, त्याच्या याद्या) लावता येतात, पिंच हिटर, पिंच रनर (बदली धावणारा) आणि शेवटच्या इनिंगमधला क्षेत्ररक्षकही आधी ठरवून ठेवता येतो. ते एकदा बसून भरा. मात्र आजच्या नियमांनी खेळत असाल तर जागा कमी आहेत : संघात २६ माणसं आणि त्यात पिचर जास्तीत जास्त १३. पिचर पूर्ण १३ घेतले तर बेंचवर चारच उरतात आणि त्यातला एक कॅचर. म्हणून दोन-तीन जागी खेळू शकणारा माणूस आधी शोधा, पल्लेदार फटके मारणारा नंतर.

एडिसनच्या चिरंजीवांसाठी एक काम : पुढच्या दहा सामन्यांत शॉर्टस्टॉपकडे गेलेला प्रत्येक चेंडू वहीत लिही, शेजारी बेलँजर होता की गार्सिया तेही, आणि ते पान मला पाठव.