तो कशानं गेला, हे लोकांना सांगायचं का?

व्यसनात मूल गमावलेले आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. अशाच एका आईबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा विशीतला. ओव्हरडोसनं गेला आणि घरच्यांनी सगळ्यांना 'हार्ट अटॅक' सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, आता त्याचं नाव निघालं तरी मी विषय बदलते. कोणी खोलात विचारलं तर?" मृत्यूचं कारण लपवता लपवता अख्खा मुलगाच बोलण्यातून गेला होता. बंद पडलेले मोबाइल खोलून बसणारा, स्क्रू हरवले की घर डोक्यावर घेणारा, बहिणीला गणित शिकवणारा, कुणीच नाही.

तिला खरं पोखरत होतं ते वेगळंच. व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन तो बरेच महिने नीट राहिला होता. मग एकदम असं कसं? मुद्दाम केलं का त्यानं?

त्याच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नव्हते, पण शरीराचं सांगता येत होतं. तो हेरॉइन घ्यायचा. काही काळ नशा सुटली की शरीराची सहनशक्ती उतरते. मग पूर्वी पचत होती तेवढीच मात्रा श्वास मंदावून थांबवू शकते. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर धोका आणखी वाढतो. म्हणून केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचा काळ फार जोखमीचा असतो. मरायचं मनात नसतानाही असं होतं. हे ऐकून ती खूप वेळ रडली.

मग म्हणाली, "त्या रात्री तो घोरत होता. मला वाटलं, चला, आज शांत झोपलाय." अशी घरघर ओव्हरडोसची खूण असू शकते, हे तिनं नंतर कुठेतरी वाचलं होतं. मी तिला म्हटलं, आज जे माहीत आहे त्यावरून त्या रात्रीच्या आईला दोषी धरू नका. (घरात कोणी ओपिऑइड, म्हणजे हेरॉइनसारखी अफूच्या वर्गातली नशा, घेत असेल आणि असा घोरताना हलवूनही जागा होत नसेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. नॅलोक्सोन हे अशा ओव्हरडोसवरचं उताऱ्याचं औषध वेळेत मिळालं तर श्वास परत सुरू होऊ शकतो.)

लोकांना काय सांगायचं, त्याचं एक वाक्य आम्ही मोठ्यानं म्हणून पाहिलं: "त्याला व्यसन होतं, त्यातच तो गेला." पहिल्यांदा ते 'व्यसन'पाशीच अडकलं. अशा आईबाप आणि मित्रांसाठी 2001 पासून 31 ऑगस्टला जगभर ओव्हरडोस जागरूकता दिन पाळतात, हे तिला ठाऊक नव्हतं. "म्हणजे लोक उघडपणे आठवण काढतात?" तिनं दोनदा विचारलं.

माझं मत स्पष्ट आहे: सगळ्यांना सांगण्याची सक्ती नाही, पण घरातल्या भावंडांपासून लपवू नये. त्यांना कुणकुण लागलेलीच असते. मोठ्या जावेला ती अजून हार्ट अटॅकच सांगते, आणि त्यात काही बिघडत नाही. धाकट्या मुलीला मात्र तिनं सगळं सांगितलं. "मला माहीत होतं गं आई," मुलगी म्हणाली. आता दोघी त्याच्याबद्दल बोलतात, भांडतातसुद्धा, आणि त्याच्या खोटं बोलण्याचा, पैसे चोरण्याचा रागही बोलून दाखवतात.