तिसऱ्या कवचात १८ जागा, मग तिसऱ्या ओळीत मूलद्रव्यं आठच का?

तुझी शंका रास्त आहे. दहावीला मराठी माध्यमात तू शिकलास की अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या कवचांची क्षमता २, ८, १८, ३२. आता बेळगावला पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आल्यावर आवर्तसारणीच्या ओळी मोजल्यास, तर त्या भरल्या २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. सरांनी ‘पाठ कर’ म्हणून सांगितलं म्हणतोस. पाठ कशाला करायचं, ते मांडून बघता येतं.

आधी सोपा भाग. आवर्ताचा, म्हणजे ओळीचा, क्रमांक म्हणजे ज्यात इलेक्ट्रॉन आहेत अशा सगळ्यात बाहेरच्या कवचाचा क्रमांक. आपल्या बेळगावात बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढतात. त्यातल्या अॅल्युमिनियमचा अणुअंक १३, म्हणजे अणूत १३ इलेक्ट्रॉन; कवचांत त्यांची मांडणी २, ८, ३. तीन कवचं, तिसरी ओळ. एवढं तुला येतंच.

घोळ होतो तो आर्गॉनपाशी. त्याचा अणुअंक १८, मांडणी २, ८, ८. तिसऱ्या कवचात अजून दहा जागा मोकळ्या आहेत आणि तरी ओळ संपते! पुढचं १९ वं पोटॅशियम, म्हणजे घरी उसाला पोटॅश घालतात त्यातलंच. त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन त्या मोकळ्या जागा सोडून चौथ्या कवचात जातो: २, ८, ८, १.

कारण कवच एकसंध नसतं. तिसऱ्या कवचात तीन उपकवचं आहेत: एसमध्ये २, पीमध्ये ६, डीमध्ये १०. एस उपकवचातला इलेक्ट्रॉन आतल्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून केंद्रकाच्या अगदी जवळपर्यंत शिरतो, म्हणून त्याला केंद्रकाची ओढ जास्त लागते. डीतला तसा शिरत नाही. आतले इलेक्ट्रॉन मध्ये आडवे येतात. त्यामुळे पोटॅशियम आणि कॅल्शियममध्ये ४एसची (चौथ्या कवचातल्या एसची) ऊर्जा ३डीपेक्षा (तिसऱ्यातल्या डीपेक्षा) कमी पडते, आणि आधी ४एस भरतं.

आता ओळीचा नियम असा बसतो: नव्या कवचाच्या एसमध्ये पहिला इलेक्ट्रॉन आला की ओळ सुरू, त्याच कवचाचं पी भरलं की ओळ बंद. (पहिल्या कवचाला पी नाहीच, म्हणून तिथं दोघांतच काम आटोपतं.) कवच पूर्ण भरलं की नाही, याच्याशी ओळीला देणंघेणं नाही. चौथ्या ओळीत ४एसचे २, मागे राहिलेल्या ३डीचे १०, ४पीचे ६, असे १८. पाचवीत तसंच. सहावीत ४एफचे (एफ हे चौथ्या कवचातलं चौथं उपकवच) १४ वाढतात, म्हणून ३२. सातवीतही ५एफमुळे तेच, आणि ती ११८ व्या मूलद्रव्याला पूर्ण होते.

लोखंड नीट बघ. आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत ओततात तेच, अणुअंक २६: २, ८, १४, २. बाहेरच्या कवचात दोनच, भर पडत गेली ती आतल्या तिसऱ्या कवचात. आणि गंमत म्हणजे लोखंडाचा आयन (इलेक्ट्रॉन गमावून प्रभार आलेला अणू) होताना आधी जातात ते चौथ्या कवचातले दोन, म्हणून दोन धनप्रभार असलेला आयन २, ८, १४. डीमध्ये इलेक्ट्रॉन यायला लागले की ३डीची ऊर्जा ४एसच्या खाली उतरते. भरण्याचा क्रम आणि निघण्याचा क्रम एकच असेल असं धरून पोरं इथंच मार्क घालवतात.

अपवाद आहेत. क्रोमियम २, ८, १३, १ आणि तांबं २, ८, १८, १ ही दोन परीक्षेत हमखास येतात. पॅलेडियम तर वरचा सोपा नियमही मोडतं: पाचव्या ओळीत बसतं, पण मांडणी २, ८, १८, १८, पाचव्या कवचात एकही नाही. ते सोडून दे सध्या.

आणखी एक. मेंडेलीव्हनं १८६९ साली सारणी मांडली ती अणुवस्तुमान आणि गुणधर्म बघून. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ साली. ओळी आधी आल्या, कारण मागून कळलं. त्यामुळे कवचांच्या क्षमतेवरून ओळी पाडल्यात असं समजून चाललास तर घोटाळा होणारच.

आता शिसं, ८२, स्वतः मांड. २, ८, १८, ३२, १८, ४ आलं तर जमलं. नाही आलं तर कुठं अडलं ते इथंच लिही.