आधी रेडिएटरचं झाकण बघ
पाणी सारखं कमी होतंय म्हणून लगेच रेडिएटर उतरवायला निघू नकोस. आधी झाकण बघ, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. सायनच्या ट्रॅफिकमध्ये तापलेल्या गाडीचं मी उघडलं होतं. मनगटावर डाग अजून आहे. आतलं रबर नखाने दाबून बघ, कडक झालं किंवा चिरलं असेल तर झाकण बाद. मधली चकती, म्हणजे गार होताना पाणी परत आत घेणारी झडप, अडकली की गार गाडीचा वरचा होज पाइप चेपलेला दिसतो. नवं घ्यायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाशील तेव्हा जुनं सोबत ने. त्यावरचा ०.९ किंवा १.१ हा आकडा दाबाचा; त्या दाबामुळे कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. ‘जास्तीचा लावा, चालतंय’ म्हणणारे भेटतील. ऐकू नकोस, होज फाटतो.