लिनक्सच्या उबंटूवर केडीई डेस्कटॉप टाकला होता, आता पहिल्यासारखा जीनोम परत हवाय. फॉरमॅट मारावं लागेल का?

नाही. नाही मारावं लागत. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकीचं उत्तर लांबणार आहे आणि तोवर कोणीतरी येऊन "अर्ध्या तासात फॉरमॅट होते, कायले डोकं लावता" सांगून जाईल. (डेस्कटॉप म्हणजे इथं खिडक्या, मेनू, पट्टी हे वरचं रूप, जीनोम आणि केडीई हे त्याचे दोन प्रकार.)

तुम्ही लिहिलंय की उबंटू 22.04 वर कुबुंटू-डेस्कटॉप, म्हणजे केडीईचं अख्खं पॅकेज, टाकलं, दोन आठवडे वापरलं, आता मेनूत प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा दिसून राह्यली, लॉगिनची स्क्रीनही बदलली, आणि ऑफिसातला मित्र म्हणतो सरळ फॉरमॅट मार. त्या मित्राला मी ओळखत नाही. पण तसाच एक माणूस आमच्या घरात आहे आणि तो जवाई आहे, म्हणजे घरात त्याला काही बोलायची सोय नाही, म्हणून इथं बोलून घेतो.

आमच्या बाबांकडे एक डेस्कटॉप आहे, नागपूरच्या सीताबर्डीतून पार्ट आणून जोडलेला, उबंटू मीच टाकून दिलेलं. बाबा रिटायर्ड आहेत, कॉम्प्युटरवर त्यांचं काम दीडच, अर्धं म्हणजे पेपर वाचणं आणि एक म्हणजे कूलरचा हिशोब. हसू नका. 2008 पासून एका शीटमध्ये दर उन्हाळ्याची नोंद होती, कूलर कोणत्या तारखेला माळ्यावरून काढला, त्याला लावायच्या वाळ्याच्या ताट्या कितीला पडल्या, पंप बदलला की नाही, मोटर बांधून आणली तर कोणाकडून, आणि पावसाळ्यात कोणत्या तारखेला परत वर गेला. नागपुरात राहणाऱ्याला ह्याची किंमत कळेल, ताट्यावाला भाव सांगायला लागला की बाबा तोंडावर मागच्या तीन वर्षांचे भाव फेकायचे. सगळं मराठीत, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, एका बोटानं.

2019 च्या दिवाळीत ताई आणि भाऊजी पुण्याहून आले. मशीन स्लो झालं होतं, मी ड्युटीवर, भाऊजींनी बसल्या बसल्या फॉरमॅट मारलं. बॅकअप घेतला होता बरं, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, तिन्ही फोल्डर पेनड्राइव्हवर काढले. डेस्कटॉपचं फोल्डर राह्यलं. आणि बाबा फाइल ठेवतात कुठं? जी फाइल समोर दिसत नाही ती त्यांच्यासाठी नाहीच, त्यामुळे सगळं त्या समोरच्या पडद्यावरच. बारा उन्हाळ्यांच्या ताट्या गेल्या. बाबा काही बोलले नाही, जवाई होते ना. "असू दे, म्हातारपणात कायचा हिशोब" एवढंच म्हणाले आणि 2020 च्या मार्चपासून नवीन शीट उघडली.

तेव्हापासून आमच्या घरी फॉरमॅट हा शब्द काढला की माझं डोकं सरकते.

आता पुढचं. 2023 च्या एप्रिलमध्ये मला केडीईचं भूत चढलं. स्वतःच्या लॅपटॉपवर वापरून राह्यलो होतो, आवडलं होतं, वाटलं बाबांनाही द्यावं, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, जुन्या विंडोजसारखं, त्यांना सोपं जाईल. ही माझी चूक, कबूल. ज्या माणसानं तक्रार केली नाही त्याचा डेस्कटॉप बदलू नये. कुबुंटू-डेस्कटॉप टाकताना मधात एक निळा चौकोन येतो आणि विचारतो की लॉगिनची स्क्रीन दाखवायला जीडीएम3 (जीनोमचा) ठेवू की एसडीडीएम (केडीईचा), मी एसडीडीएम म्हटलं. तुम्हीही तेच केलं असणार, म्हणून तुमची लॉगिन स्क्रीन बदलली.

पहिल्याच दिवशी मराठी बंद. कारण जीनोममध्ये कीबोर्डची जी सेटिंग असते ती केडीई वाचत नाही, त्याची वेगळी. मी कुठंतरी वाचून एफसीआयटीएक्स5 हा मराठी टाइप करायचा प्रोग्राम टाकला, असा कोणता प्रोग्राम वापरायचा ते ठरवणाऱ्या आयएम-कॉन्फिगमध्ये तोच निवडला, मराठी आलं. पण बाबांना पट्टी आवडेना, घड्याळ वरती मधात नाही म्हणून आवडेना, केवॉलेट (केडीईची पासवर्डांची तिजोरी) पासवर्ड मागते म्हणून तर अजिबातच. महिनाभरानं म्हणाले, "काहून बे, पह्यले होतं ते बिघडलं होतं का?"

बिघडलं नव्हतं.

आणि नेमका मे. ताई माहेरपणाला, भाऊजी सोडायला आलेले, दोन दिवस मुक्काम. बाहेर पारा चढलेला, दुपारी सगळे कूलरसमोर आडवे, आणि बाबांनी जेवताना विषय काढला. भाऊजी लगेच, "फॉरमॅट मारून देतो ना, अर्धा तास." मी म्हटलं भाऊजी, तुम्ही राहू द्या, आज रात्री मी करतो. ताईनं माझ्याकडे पाह्यलं. तिला 2019 आठवलं असावं.

रात्री अकराला बसलो आणि पहिलाच पाय खड्ड्यात. मेटापॅकेज म्हणजे नुसती यादी असते, कुबुंटू-डेस्कटॉप काढलं तरी सामान तिथंच राहते, हे माहीत होतं, म्हणून हुशारी केली, एपीटी पर्जला, म्हणजे पॅकेज काढायच्या कमांडीला, केडीई पुढं स्टार आणि प्लाझ्मा (केडीईच्या डेस्कटॉपचं नाव) पुढं स्टार लावून दिला, म्हणजे त्या नावानं सुरू होणारं सगळं. लांबलचक यादी आली, न वाचता वाय दाबलं. त्यात केडेनलाइव्हही गेलं, त्याचं नाव इंग्रजीत केडीईनंच सुरू होते म्हणून, त्याचा डेस्कटॉपशी काही संबंध नाही, मी भाचीच्या वाढदिवसाचे व्हिडिओ त्यावर जोडत होतो. एसडीडीएम वेगळं पर्ज केलं. रीस्टार्ट मारला. काळा पडदा, वरच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय.

मागच्या खोलीत भाऊजी झोपलेले. त्या पडद्यासमोर मला पहिला विचार कोणता आला असेल ते सांगायला नको.

पण काळा पडदा म्हणजे सिस्टिम मेली असं नसते, फक्त दरवाजा उघडणारा नसतो. कंट्रोल-अल्ट-एफ3 दाबलं, अक्षरांचं लॉगिन आलं, आत शिरलो. सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम3, मग सुडो एपीटी इन्स्टॉल डॅश-डॅश-रीइन्स्टॉल उबंटू-डेस्कटॉप, नेट चालू होतं म्हणून निभावलं. (कमांडी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये इंग्रजीतच टाकाल हे गृहीत आहे.) रीस्टार्ट. जांभळी स्क्रीन. बाबांचं नाव.

तुम्ही मात्र उलट्या क्रमानं करा, म्हणजे आधी त्याच रीकॉन्फिगरच्या कमांडीनं, यादीतून निवडून, जीडीएम3 ला दरवाज्यावर बसवा, रीस्टार्ट करून जीनोममध्ये नीट शिरता येतं ते पाहा, आणि मगच केडीई काढायला हात लावा. काढताना माझ्यासारखा स्टार नको. /व्हीएआर/लॉग/एपीटी मध्ये हिस्ट्री डॉट लॉग नावाची फाइल असते, त्यात ज्या दिवशी कुबुंटू-डेस्कटॉप टाकलं त्या तारखेखाली काय काय आलं त्याची अख्खी यादी मिळते, तीच पर्जला द्यायची, मग ऑटोरिमूव्ह, म्हणजे आता कोणाला नको असलेलं उरलंसुरलं काढणं. दोन्ही वेळा वाय दाबायच्या आधी वाचा, उबंटू-डेस्कटॉप, जीडीएम3 किंवा नेटवर्क-मॅनेजर ह्यातलं एकही नाव काढायच्या यादीत दिसलं तर एन दाबा आणि पाणी पिऊन या. लॉग जुने झाले की दाबून ठेवले जातात, पण तुमचं दोन आठवड्यांपूर्वीचं आहे, सापडेल.

तर जीनोम आला, पण केडीईचा वास गेला नव्हता. माउसचा बाण ब्रीझचा, आयकॉन ब्रीझचे, ब्रीझ म्हणजे केडीईची थीम. केडीई आपली थीम जीटीकेच्या, म्हणजे जीनोमवाल्या, अॅप्सनाही लावते, होममध्ये (आपल्या यूजरच्या फोल्डरमध्ये) डॉट कॉन्फिगच्या आत जीटीके-3.0 आणि जीटीके-4.0 मध्ये सेटिंग्ज डॉट आयएनआय लिहून ठेवते आणि जीनोमच्या सेटिंगमध्येही हात घालते. पॅकेज काढून हे जात नाही, कारण एपीटी तुमच्या होमला शिवत नाही. जीनोमच्या सेटिंग डीकॉन्फमध्ये असतात, मी झोपेच्या भरात डीकॉन्फ रीसेट डॅश-एफ आणि पुढं नुसता स्लॅश मारला. सगळं मूळपदावर. इतकं मूळपदावर की मराठी कीबोर्डही यादीतून उडाला. फक्त रूप बिघडलं असेल तर स्लॅश ओआरजी स्लॅश जीनोम स्लॅश डेस्कटॉप स्लॅश इंटरफेस स्लॅश एवढंच रीसेट करा आणि त्या दोन आयएनआय फाइली बाजूला काढून ठेवा, पुरते.

मराठी परत जोडलं, शीट उघडली, कूलर टाइप केलं, आणि स्क्रीनवर उमटलं केटीएनजे. इनस्क्रिप्टवाल्यांना कळलं असेल, बोटं बरोबर पडली होती, मराठीच लागत नव्हतं. इथं माझा एक तास गेला. आयबस, म्हणजे जीनोमचा मराठी टाइप करायचा प्रोग्राम, पुन्हा टाकून पाह्यला, भाषा बदलून पाह्यली, कूलरचं पाणी संपलं, तो घर्रघर्र करायला लागला, अंगणातून बादल्या आणून टाकी भरली. मग आठवलं, मी आयएम-कॉन्फिगमध्ये एफसीआयटीएक्स5 निवडलं होतं, आणि ते लिहिलं जाते होममधल्या डॉट एक्सइनपुटआरसी ह्या लपलेल्या फाइलीत. ती तशीच होती. फाइलीचं नाव बदललं, लॉगआउट, लॉगिन, आयबस परत गादीवर. कूलर. साडेतीन वाजले होते.

मराठी टाइप करणाऱ्या माणसानं डेस्कटॉप बदलला की शंभरातून नव्वद वेळा हेच अडते, असं माझं मत आहे, आणि इंग्रजी गाइडमध्ये हे नसते कारण तिथल्या कोणाला मराठीत ताट्यांचा भाव लिहायचा नसतो.

सकाळी बाबांनी मशीन उघडलं, घड्याळ वरती मधात, शीट समोर, आदल्या दिवशीच्या पंपाचे पैसे लिहिले. भाऊजी चहा घेत आले. "झालं का? फॉरमॅटच मारलं ना शेवटी?" मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "हो हो जवाईबापू, तुम्ही म्हणाले तसंच केलं." आणि माझ्याकडे पाह्यलं सुद्धा नाही. भाऊजी आजही पुण्यात सांगतात की सासऱ्यांचं मशीन दोनदा फॉरमॅट केलं तेव्हा कुठं सुधारलं.

असो. फॉरमॅटवाल्यांना एवढंच सांगा, उबंटू स्वतः 2011 मध्ये 11.04 ला युनिटी ह्या आपल्या वेगळ्या डेस्कटॉपवर गेलं आणि 2017 मध्ये 17.10 ला जीनोमवर परत आलं, तेव्हा लाखो मशीन नुसत्या अपग्रेडनं बदलल्या. खुद्द लिनक्स बनवणारा लिनस टॉर्वाल्ड्स 2011 मध्ये जीनोम 3 वर चिडून एक्सएफसीई ह्या तिसऱ्याच डेस्कटॉपवर गेला होता, दोन वर्षांत परत जीनोमवर. डेस्कटॉप म्हणजे वरचा अंगरखा आहे, त्यापायी कोणी घर पाडत नाही.

आता थोडं इमानदारीनं. हे सगळं उबंटूचं आहे, फेडोरा ह्या दुसऱ्या लिनक्सवर कमांडी वेगळ्या, मिंट ह्या लिनक्सवर उबंटू-डेस्कटॉपच्या जागी वेगळं पॅकेज. मशीन रिकामं असेल, आत काहीच ठेवलेलं नसेल, तर भाऊजींचा अर्धा तास माझ्या साडेचार तासांपेक्षा स्वस्त आहे हे खरं आहे, त्यांना सांगू नका. डिस्कच खराब होत असेल तर ह्यातलं काही करू नका, आधी फाइली बाहेर काढा, डेस्कटॉपच्या फोल्डरसकट. आणि पुढच्या वेळी नवीन डेस्कटॉप पाहायचा असेल तर त्याच्यासाठी वेगळा यूजर बनवून त्यात पाहा, तुमच्या होममध्ये कचरा होत नाही.

हो, आणि एक राह्यलंच. तुम्हाला केडीई काढायचंच आहे असं तुम्ही कुठं लिहिलं नाही, फक्त जीनोम परत हवाय म्हटलं. तो तर गेलेलाच नाही. एसडीडीएमच्या स्क्रीनवर कोपऱ्यात सेशनची यादी असते, त्यात उबंटू निवडा. जीडीएम3 परत आणलं असेल तर आधी आपल्या नावावर क्लिक करा, पासवर्डची चौकट आली की उजवीकडे खाली गिअरचं चाक दिसते, त्याआधी दिसत नाही, त्यात उबंटू. पुढच्या वेळी तेच लक्षात राहते.