आईच्या मेंदूतल्या धमनीला ४ मिमीचा फुगवटा निघालाय, इंदूरात राहतो. कधी धावायचं?

या फुगवट्यालाच अ‍ॅन्युरिझम म्हणतात. ७ मिमीपेक्षा लहान अ‍ॅन्युरिझम बहुधा फुटत नाही, पण जागाही पाहावी लागते. तंबाखू बंद, बीपी ताब्यात, स्कॅन डॉक्टर सांगतील तेव्हा.

मिनिटभरात शिगेला पोचणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, उलटी, मान आखडणं, शुद्ध हरपणं: लगेच १०८. डोकं दुखत नसतानाही एक पापणी अचानक पडली, बाहुली मोठी दिसली, तरी त्याच तासाला निघा. फुगवटा डोळ्याचा मज्जातंतू दाबत असू शकतो.

डिस्प्रिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. तोंडाने काही देऊ नका. राजवाड्याजवळचं घरगुती नर्सिंग होम वाटेत लागलं तरी थांबू नका; सीटी आणि न्यूरोसर्जन दोन्ही असतील तिथेच. सीटी नॉर्मल आला तरी शंका असल्यास पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासतात किंवा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) करतात, नाही म्हणू नका.