वाचकांचे प्रश्न : पाय नंतर, आधी लघवी

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा डॅशहाउंड कुत्रा (वजन साडेनऊ किलो) सोफ्यावरून उडी मारल्यापासून मागचे पाय ओढतो. मणक्यातली गादी सरकल्याचं निदान झालं. मागच्या बोटांचं हाड चिमट्याने दाबलं की ओरडतो, त्यामुळे डॉक्टरांनी तूर्त ऑपरेशन नको, सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवा असं सांगितलं. दिवसभर थेंबथेंब लघवी गळते, म्हणजे ती होते आहे ना? आणि पायांना तेल कधीपासून लावू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : थेंबथेंब गळणं म्हणजे लघवी होणं नव्हे. बहुतेक वेळा मूत्राशय काठोकाठ भरलेलं असतं आणि वरचं तेवढं सांडत असतं. साचलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होतो. शिवाय मूत्राशयाचा स्नायू फार दिवस ताणलेला राहिला तर सैल पडतो, मग कुत्रा चालायला लागला तरी लघवीची तक्रार मागे उरते. घरातले सगळे पायांकडे बघत बसतात, पण पहिल्या दोन आठवड्यांत खरं लक्ष इथे हवं.

दर सहा ते आठ तासांनी मूत्राशय हाताने रिकामं करावं लागेल. हे एकदा डॉक्टरांसमोर, तुमचा हात पोटावर ठेवून शिका. कुत्र्याला कुशीवर झोपवा किंवा कुणाला तरी उभं धरायला सांगा. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, मागच्या मांड्यांच्या थोडं पुढे ठेवा. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं मूत्राशय हाताला लागतं. बोटं न रुतवता सपाट हाताने, हळूहळू वाढवत, शेपटीच्या दिशेने दाब द्या. धार थांबली की क्षणभर सोडून पुन्हा चाचपा, बऱ्याचदा निम्मी लघवी आतच असते. दाब देऊनही धार सुटत नसेल तर जोर लावू नका. बाहेरचा झडपेचा स्नायू आवळलेला असतो, जबरदस्तीने मूत्राशय फुटू शकतं. तो सैल करणारं औषध मिळतं किंवा नळी घालता येते, त्यासाठी डॉक्टरांकडेच जा. लघवी गढूळ, लालसर किंवा उग्र वासाची झाली तर तपासणीला द्या.

ओली कातडी दोन दिवसांत सोलवटते. कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, पोटाखालचे केस कापून घ्या. पिंजऱ्यात तीन-चार इंची फोम, त्यावर रेक्झिन, वर मेडिकलमध्ये मिळणारं अंडरपॅड. सतरंजी नको, ती ओल धरून ठेवते. तो स्वतः कूस बदलत नसेल तर दर चार तासांनी बदला आणि खुब्याचं हाड, कोपर इथे लाली दिसते का ते रोज पाहा.

पिंजरा उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढाच हवा. तुमच्या कुत्र्याला साधारण तीन बाय दोन फूट पुरेल. बाहेर काढायचं ते फक्त शी-शूसाठी, छातीला हार्नेस आणि पोटाखालून टॉवेलची झोळी देऊन. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी सरळ.

दुसऱ्या आठवड्यात औषधांनी दुखणं कमी होतं, कुत्रा खेळकर होतो आणि घरचे दया येऊन दार उघडतात. मणक्यातल्या गादीचं फाटलेलं आवरण तेवढ्यात भरत नाही, आतला गाभा पुन्हा बाहेर येऊ शकतो. दया खायचीच असेल तर पिंजऱ्याशेजारी बसा.

तेल लावून पाठ चोळणं, हाडवैद्याकडून ‘बसवून’ घेणं पूर्ण बंद. गरम शेकही नको. संवेदना कमी असलेली कातडी भाजली तरी तो सांगणार नाही. डॉक्टरांनी होकार दिल्यावर कुशीवर झोपवून खुबा, गुडघा, घोटा हळूच दुमडून सरळ करा, प्रत्येकी १० ते १५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या घरातल्या गोळ्या चुकूनही देऊ नका. मेलॉक्सिकॅम (सूज आणि दुखणं कमी करणारं औषध) चालू असताना दुसऱ्या कुणी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) लिहून दिलं तर आधी विचारा. दोन्ही एकत्र गेली तर जठरात व्रण होतात. काळी, डांबरासारखी शी हे त्याचं लक्षण.

बोट दाबल्यावर नुसता पाय मागे घेणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असते, ती मेंदूपर्यंत पोचलेली वेदना नव्हे. ओरडणं, वळून बघणं हीच खूण. ती नाहीशी झाली तर सकाळची वाट बघू नका. तेव्हा ऑपरेशनचा निर्णय तासांत घ्यावा लागतो.

प्रश्न : मग चाकांची गाडी आत्ताच मागवू का? – त्याच पत्रातून

उत्तर : विश्रांतीच्या काळात नाही. पिंजऱ्यातून सुटल्यावर डॉक्टर पाहून ठरवतील. तोवर वजन वाढू देऊ नका, हालचाल बंद म्हणजे रोजचं खाणंही कमी, किती ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सहा आठवड्यांनंतर झोळीच्या आधाराने पाच मिनिटांपासून चालवा. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात, त्यामुळे त्याच्या वाटेवर रबरी मॅट टाका आणि नखं कापलेली ठेवा. सोफा मात्र कायमचा बंद.